आधीं कोणाकडे?

शास्त्रपाठ : २ इतिहास १४:९–१२ व १६:१–१२, नहेम्या २:१–८, २ राजे ४:१–७.

पाठाचें सार : जो आधीं देवाकडे जातो, तो मागाहून मनुष्याकडे गेला तरी दास होऊन जात नाहीं.



पुण्याहून साताऱ्याकडे जातांना कात्रजचा घाट उतरून शिवगंगेच्या खोऱ्यांत आलें, म्हणजे रस्त्यालगत भोर तालुक्यांतील वरवे बुद्रुक हें गांव लागतें. त्याच्या पुढें थोड्या अंतरावर नसरापूर. ह्या बाजूस भात हें मुख्य पीक. ज्यांनीं भातावर संसार चालविला आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, वर्षांतील अवघड दिवस आषाढ-श्रावणाचे असतात. लावणीची मजुरी द्यावयाची असते, खत आणावयाचें असतें, मुलांच्या शाळेचा खर्च नुकताच अंगावर पडलेला असतो. घरांतील कणगी तळाला गेलेली असते, आणि शेतांतील लोंबी भरावयास अजून अवकाश असतो. त्यांतच घरांत कोणी तापानें पडलें, तर घरधनी उंबऱ्यावर बसून एकच विचार करितो, "आतां कोणाकडे जावें?"

हा प्रश्न विचारण्यांत पाप नाहीं. गरज लागली कीं मनुष्य कोणाकडे तरी जातोच. देवानें आपणांस शेजारी, नातलग व मंडळी दिली आहे ती ह्याकरितांच. आजच्या पाठांत आपणांस एवढेंच शिकावयाचें आहे कीं, त्या प्रश्नांत 'आधीं' हा एक शब्द घालावा. आतां आधीं कोणाकडे जावें?

दुसऱ्यास शिकविण्यापूर्वीं मीं आपली चूक सांगणें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं वळवाच्या वाऱ्यानें माझ्या घरावरील पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशीं सकाळींच मी पुण्यास एका नातेवाइकाकडे गेलों; त्यांनीं आपलीच अडचण सांगितली. तेथून एका पतसंस्थेंत गेलों. तेथें दोन जामीनदार आणावयास सांगितलें. संध्याकाळीं एका सधन गृहस्थाच्या ओटीवर दीड तास बसलों, आणि एरवीं ज्या गोष्टींस मी कधीं हसलों नसतों त्या गोष्टींस हसलों. पैसे देण्याचें त्यानें कबूल केलें. पण व्याज जबर होतें. रात्रीं हें सर्व पत्नीस सांगितलें. ती म्हणाली, "अहो, सगळ्यांना सांगून झालें, देवाला सांगितलेंत का?" मी निरुत्तर झालों. लोकांस प्रार्थना शिकविणारा मी, तीन दारें हिंडून आलों होतों. आणि जें दार माझ्या घरांतच होतें तें मीं ठोठावलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्ही दोघांनीं गुडघे टेकले. सकाळीं कोणी पैसे घेऊन आला नाहीं. परंतु मन ठिकाणावर आल्यावर मीं पुन्हा हिशेब केला, तेव्हां दिसलें कीं अर्ध्या घरावर छप्पर झालें तरी पावसाळा निभतो. मंडळींतील दोघे भाऊ दोर व खिळे घेऊन आले; ओढ्यांत व शेतांत पडलेले पत्रे आम्ही गोळा केले व ठोकले. उरलेलें काम दिवाळीनंतर झालें. जें कर्ज मी काढणार होतों तें काढावेंच लागलें नाहीं. देवानें मला रक्कम पाठविली नाहीं. माझी गरज किती आणि माझी भीति किती, हें त्यानें मला दाखवून दिलें. आतां आपण शास्त्राकडे वळूं.

१. आसा राजा : एकाच माणसाच्या दोन वाटा

यहूदाचा राजा आसा ह्याच्यावर जेरह कुशी मोठें सैन्य घेऊन चालून आला. आसाजवळही सैन्य होतें, आणि तो तें घेऊन रणांत गेला. परंतु लढाई सुरू होण्यापूर्वीं त्यानें परमेश्वराचा धांवा केला, आणि बलवान् व दुर्बळ ह्यांच्यामध्यें साहाय्य करणारा तूंच आहेस असें कबूल केलें. त्याला जय मिळाला. ही पहिली वाट.

पुढें पुष्कळ वर्षांनीं इस्राएलाचा राजा बाशा ह्यानें त्याची नाकेबंदी केली. हें संकट पहिल्यापेक्षां लहान होतें. पण ह्या वेळीं आसानें परमेश्वराच्या मंदिरांतील सोनें-रुपें काढून अरामाचा राजा बेन-हदाद ह्याकडे पाठविलें. उपाय लागू पडला. बाशा परत गेला. मग चूक कोठें झाली? हनानी द्रष्टा येऊन त्यास सांगतो कीं, तूं परमेश्वरावर भिस्त न ठेवितां अरामाच्या राजावर ठेविलीस, हीच चूक. तें ऐकून आसानें पश्चात्ताप करावयाचा, तर उलट द्रष्ट्यासच बंदींत टाकिलें. शेवटीं त्याच्या पायांस मोठा रोग जडला, आणि त्या दुखण्यांतही तो परमेश्वराकडे न जातां केवळ वैद्यांकडे गेला, असें शास्त्र सांगतें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धरा. पहिली : वैद्याकडे जाणें हा दोष शास्त्र सांगत नाहीं. लूक स्वतः वैद्य होता व पौलाचा प्रिय सोबती होता (कलस्सै ४:१४). दोष हा कीं, वैद्य होता आणि देव नव्हता. दुसरी : आसा हा प्रार्थना न जाणणारा मनुष्य नव्हता. ज्यानें एकदां देवाचें साहाय्य अनुभविलें तोच सुखाच्या वर्षांत ती संवय विसरला. म्हणून जुन्या विश्वासणाऱ्यांनीं, आणि आम्हां उपदेशकांनींही, हा अध्याय आपल्याकरितां लिहिला आहे असें समजावें.

२. नहेम्या : क्षणभराची प्रार्थना

नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. राजानें त्याला विचारिलें, तुला काय पाहिजे? राजा उत्तराची वाट पाहत आहे. अशा वेळीं गुडघे टेकावयास वा डोळे मिटावयास अवकाश कोठें? तरी वचन सांगतें कीं, त्यानें आधीं स्वर्गाच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजास उत्तर दिलें. ती प्रार्थना एका श्वासाएवढी असेल. पण ती आधीं झाली.

मग त्यानें काय मागितलें तें पाहा. वाटेंतील सुभेदारांस पत्रें, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ ह्याकडून लांकूड. किती दिवस लागतील तेंही त्यानें सांगितलें. देवाची प्रार्थना केली म्हणून त्यानें राजाकडे मागावयाचें सोडलें नाहीं. उलट राजासमोर तो भ्याला असतांही नीट व स्पष्ट बोलूं शकला. आणि ही एका श्वासाची प्रार्थना कोठून आली? पहिला अध्याय वाचा. किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारें चार महिने, तो उपास व प्रार्थना करीत होता. जो रोज देवाशीं बोलतो त्यालाच घाईच्या वेळीं देव आठवतो.

३. विधवेचें तेल : तुझ्या घरांत काय आहे?

तिसरें उदाहरण आपल्या गांवांतील घरांस सर्वांत जवळचें आहे. नवरा वारला, कर्ज उरलें, आणि सावकार दोन मुलांस गुलाम करून नेण्यास आला. ती बाई देवाच्या माणसाकडे, अलीशाकडे, रडत आली. अलीशानें तिला विचारिलें कीं, घरांत काय आहे? एका तेलाच्या भांड्यावांचून कांहीं नाहीं, असें ती म्हणाली. त्यानें तिला शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणावयास, दार लावून घ्यावयास व त्यांत तेल ओतावयास सांगितलें. भांडीं संपलीं तेव्हां तेल थांबलें.

ह्यांतून चार धडे मिळतात. देवानें तिच्या घरांत जें होतें त्यापासूनच आरंभ केला. म्हणून प्रार्थना करून उठल्यावर आपल्या हातीं काय आहे तें आधीं पाहावें. शेजाऱ्यांचीं भांडीं लागलीं. म्हणून शेजाऱ्याकडे मागणें हा अविश्वास नव्हे. दार लावावयास सांगितलें. म्हणून देवाचें साहाय्य हा चार लोकांस दाखविण्याचा तमाशा नव्हे. आणि चौथा धडा पुष्कळांस आवडत नाहीं : तेल विकून आधीं कर्ज फेड, आणि उरेल त्यावर मुलांसह उदरनिर्वाह कर, अशी आज्ञा झाली. ज्यास देवानें साहाय्य केलें त्यानें दुसऱ्याचें देणें बुडवूं नये.

४. केडगांव : आपल्याच जिल्ह्यांतील साक्ष

ह्या गोष्टी फार प्राचीन काळच्या आहेत असें कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच पुणे जिल्ह्यांतील एक साक्ष सांगतों. दौंड तालुक्यांत, रेल्वेच्या रस्त्यावर, केडगांव आहे. तेथील मुक्ति मिशन पंडिता रमाबाई ह्यांनीं स्थापिलें, आणि तें आजही चालू आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. १८७४ सालच्या सुमारास, दक्षिणेंतील दुष्काळांत, आईबाप थोड्या महिन्यांच्या अंतरानें वारले, आणि त्यांच्यामागून थोरली बहीण गेली. रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास देशभर पायीं फिरलीं. झेलम नदीच्या काठीं थंडीच्या रात्रीं पांघरूण नव्हतें, तेव्हां त्यांनीं वाळूंत खड्डे खणून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. आपलें कुटुंब शास्त्रांत पारंगत होतें, पण भीक मागण्यास व हलकें काम करण्यास लाजत होतें, आणि कष्टाची भाकर मिळविण्याचा धंदा कोणासच येत नव्हता, असें त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत मोकळेपणानें कबूल केलें. हा अनुभव ध्यानांत ठेवा. पुढील सर्व गोष्टींचें मूळ त्यांत आहे.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढिलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. अमेरिकेंतील मित्रांनीं त्यास दहा वर्षें साहाय्य देण्याचें वचन दिलें होतें. ती मुदत १८९८ सालीं पुरी होणार होती. मुदत संपल्यावर काय? रमाबाई हात जोडून बसल्या नाहींत. त्यांनीं मुदतीच्या आधींच केडगांवास सुमारें शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या, आणि फळझाडें लाविलीं, अशा हेतूनें कीं बागेच्या उत्पन्नावर सदन चालावें.

परंतु झाडांस फळें येईपर्यंत दुष्काळ थांबला नाहीं. १८९६–९७ सालीं मध्य प्रांतांत अन्नावांचून लोक मरूं लागले. स्वतःच्या उपासाच्या आठवणीनें रमाबाईंच्यानें स्वस्थ बसवेना. त्यांच्या हातांतील साहाय्य ठराविक मुलींपुरतें होतें. नव्या मुलींकरितां कोणीही वचन दिलेलें नव्हतें. ब्रिस्टल येथें हजारों पोरक्या मुलांस सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलर ह्यांचें चरित्र त्यांनीं वाचिलें होतें, आणि जो देव ब्रिस्टलांत ऐकतो तो हिंदुस्थानांतही ऐकेल, ह्या भरंवशानें त्यांनीं आधीं देवाकडे मागितलें आणि मग प्रवासास निघाल्या. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. त्या वेळीं पुण्यांत प्लेगची सांथ होती. शहरांत एवढ्या लोकांस ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली, तेव्हां केडगांवच्या माळावर तात्पुरत्या छपरांखालीं त्यांची सोय करावी लागली. जी जमीन फळबागेकरितां घेतली होती तीच आश्रयस्थान झाली. पुढें १९०० सालीं गुजरातेंत दुष्काळ पडला, आणि केडगांवची संख्या जवळ जवळ दोन हजारांवर गेली.

आतां पाहा, तेथें प्रार्थना कशी होती. प्रार्थना होत असे आणि विहीरही खणली जात असे. प्रार्थना होत असे आणि मुली माग चालवीत, कापड शिवीत, गाई राखीत, छापखान्यांत खिळे जुळवीत. देशोदेशींच्या मित्रांस अहवाल जात असे. गरज लपविली जात नसे, आणि कोणी दिलेलें दान नाकारलेंही जात नसे. परंतु भरंवसा कोणत्याही एका देणाऱ्यावर नव्हता. म्हणूनच पुण्यांतील मोठ्या मंडळींनीं पाठ फिरविली तेव्हां, आणि अमेरिकेंतील मुदत संपत आली तेव्हांही, रमाबाई कोलमडल्या नाहींत. ज्याचा आधार एका माणसाच्या हातांत असतो, तो त्या हाताच्या मागें मागें फिरतो. ज्याचा आधार देव असतो, तो सर्वांचे उपकार मानतो पण कोणाचा दास होत नाहीं. ओटीवर बसून मीं जें खोटें हसूं हसलों, त्याचें औषध हेंच आहे.

आपल्या ह्या खोऱ्यांतही अशा भरंवशाच्या कामाचा पूर्ववृत्तांत आहे. १८९३ सालीं स्थापन झालेलें पूना ॲण्ड इंडियन व्हिलेज मिशन जुन्या भोर संस्थानांत नसरापुरास काम करीत असे. म्हणून ही शिकवण ह्या शिवारांस नवी नव्हे.

५. उत्तर निराळें आलें तर?

येथें उपदेशकांनीं सावध राहावें. प्रार्थना केली म्हणजे पैसा येईलच, दुखणें बरें होईलच, असें वचन कोणास देऊं नका. देवानें तें दिलेलें नाहीं. केडगांवास आणिलेल्या कित्येक मुली उपासमारीनें इतक्या खंगलेल्या होत्या कीं त्या वांचल्या नाहींत. जी रमाबाईंचा उजवा हात होती व जिनें त्यांच्यामागें काम चालवावयाचें, ती एकुलती मुलगी मनोरमा १९२१ सालीं आईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाईंनीं तीही प्रार्थना केली नसेल काय? तरी त्यांनीं हातांतील काम टाकिलें नाहीं. पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर, जें त्या अनेक वर्षें करीत होत्या, तें त्यांनीं पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. १९२४ सालीं तें भाषांतर छापून प्रसिद्ध झालें.

हबक्कूक संदेष्टा तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीं (३:१७–१८) अंजिराला फूल नाहीं, शेतांत धान्य नाहीं, गोठ्यांत गुरूं नाहीं, अशी यादी देतो, आणि तरीही परमेश्वराच्या ठायीं आनंद करण्याचा निश्चय करितो. त्याची कणगी भरली असें तेथें लिहिलेलें नाहीं. देवाकडे आधीं जाण्याचें पहिलें फळ धान्य नव्हे. देव स्वतः हेंच पहिलें फळ आहे. धान्य मागाहून येतें, कधीं आपण मागितलें तितकें, कधीं कमी, कधीं दुसऱ्या वाटेनें.

६. आपल्या घरांत हें कसें करावें?

दुखण्यांत. ताप आला, भाताच्या खाचरांत कोणास साप चावला, बाळंतीण अडली, तर घटकाभरही न दवडतां दवाखान्यांत न्यावें. नहेम्याप्रमाणें वाटेंत प्रार्थना करावी. औषध बंद ठेवून विश्वास दाखवूं नये. प्रभूनें देवाची परीक्षा पाहण्याचें नाकारिलें आहे (मत्तय ४:७). आणि भीतीच्या रात्रीं शेजाऱ्यांनीं भगताकडे जाण्याचा आग्रह केला, तर त्यांस दुखवूं नका, पण जाऊंही नका.

कर्जांत. कर्जाच्या कागदावर अंगठा वा सही करण्याच्या आधीं एक रात्र जाऊं द्यावी. नवराबायकोनें मिळून प्रार्थना करावी आणि मिळून हिशेब लिहावा : गरज किती, मान राखण्याची इच्छा किती. लग्नाच्या कर्जांत दुसरा आंकडा बहुधा मोठा निघतो. कर्ज घेणें भागच असेल तर जेथें व्याज कमी व हिशेब उघडा तेथें घ्यावें, आणि विधवेप्रमाणें तें आधीं फेडावें.

मंडळींत. भाऊ उपाशी असतां त्यास नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लाविल्यानें काय लाभ, असें याकोब विचारतो (याकोब २:१५–१६). शेजारच्या घरीं कोणी आज प्रार्थना करीत असेल, आणि त्याचें उत्तर तुमच्या कणगींतील पायलीभर तांदूळ असेल. दोर व खिळे घेऊन आलेले ते दोघे भाऊ मला देवाचे दूतच होते. त्यांना मात्र तें ठाऊक नव्हतें.

विचारार्थ प्रश्न

१. आसानें दोन संकटांत काय काय केलें? दुसऱ्या वेळीं उपाय लागू पडूनही तो दोषी कां ठरला?
२. नहेम्याची थोडक्यांत झालेली प्रार्थना व पहिल्या अध्यायांतील दीर्घ प्रार्थना ह्यांचा संबंध काय?
३. विधवेनें स्वतः काय केलें, शेजाऱ्यांनीं काय केलें, आणि देवानें काय केलें?
४. रमाबाईंनीं प्रार्थना व कष्ट ह्यांची सांगड कशी घातली? बालपणींच्या अनुभवाचा त्यांत काय भाग होता?
५. गेल्या वर्षीं तुमच्या घरांत अडचण आली तेव्हां तुम्ही आधीं कोणाकडे गेलां? देव कितव्या दारीं आला?

शेवटचा प्रश्न चार लोकांत विचारूं नये. तो प्रत्येकानें घरीं, दिवा मालविण्यापूर्वीं, आपल्या मनाशीं विचारावा.

प्रार्थना

हे स्वर्गीय बापा, आमची गरज आमच्या सांगण्यापूर्वीं तुला ठाऊक आहे, तरी आम्हीं तुझ्याकडे यावें अशी तुझी इच्छा आहे. आम्ही दारोदार हिंडून थकल्यावर तुझ्याकडे येतों, ह्याची आम्हांस क्षमा कर. आधीं तुझ्याकडे येण्याची संवय आम्हांस लाव. मग ज्याच्या दारीं तूं पाठवशील तेथें आम्हीं मान ताठ ठेवून, उपकार स्मरून जावें, आणि आमच्या दारीं जो येईल त्यास आम्हीं रिकामा पाठवूं नये, असें कर. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें. आमेन.